धर्माजींची चिठ्ठी

घोडेगावच्या वाचनालयात धर्माजींनी चौतीस वर्षं पुस्तकं दिली आणि घेतली. पण एवढ्या वर्षांत कुणाला ‘गप्प बसा’ म्हणायची वेळ त्यांच्यावर आली नाही. ते काम भिंतीवरची ‘शांतता राखा’ ही पाटी करायची आणि धर्माजी मान खाली घालून रजिस्टरात लिहीत बसायचे. निवृत्तीच्या दिवशी ती पाटी मागून घ्यावी असं त्यांच्या फार मनात होतं. पण मागायचं कसं, याचा विचार करता करता निरोपाचा चहा संपला.

आता ती पाटी हवी होती. शेजारी गोकुळ राहायला आला होता.

गोकुळ सकाळ-संध्याकाळ दुधाचा टेम्पो चालवायचा. यात्रांचा हंगाम आला की बैलगाडा शर्यतींच्या घाटात, म्हणजे गाडे पळतात त्या धावपट्टीवर, माईकवर बोलायचा. आजवर तो दोन नंबरला होता. मोठा निवेदक पाणी प्यायला गेला की याच्या हातात माईक. यंदा मात्र शिनोलीकडच्या एका यात्रेत अख्खा दिवस त्याला मिळाला होता. म्हणून रोज दुपारी तीन ते पाच गच्चीवर स्पीकर लावून सराव चालायचा. समोर बैल नाहीत, घाट नाही, नुसत्या वाळत घातलेल्या कुरडया, आणि त्यांच्यापुढे उभा गोकुळ एक हात कानाशी नेऊन घसा फोडून सांगतोय, “आली बारी, आली बारी, उचलला गाडा, झाली, झाली, भिर्रर्र!”

धर्माजींची अडचण अशी, की नेमक्या त्याच वेळी ते बायकोला कादंबरी वाचून दाखवायचे. लंकाबाईंनी ती स्वतःच अर्ध्याहून जास्त वाचली होती. मग मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी महिनाभर वाचायला मनाई केली. रविवारी त्यांची मुलगी आरती येऊन आईला नारायणगावला नेणार होती. पुस्तक सोबत द्यावं, तर वाचनालयाचं पुस्तक गावाबाहेर न्यायचं नाही, हा नियम खुद्द धर्माजींनीच केलेला. तेव्हा रविवारच्या आत शेवट गाठायला हवा होता. आज बुधवार उजाडला होता आणि कादंबरीची नायिका आठ दिवस एकाच पानावर अडकली होती. धर्माजी दोन ओळी वाचायचे, वरून गाडा सुटायचा, त्यात त्यांचा बारीक आवाज वाहून जायचा.

“जाऊन सांगा की त्याला,” लंकाबाई म्हणाल्या.

“सांगतो.”

“कवा? यात्रा झाल्यावर?”

धर्माजींनी बोलण्याऐवजी लिहायचं ठरवलं. पहिला कागद फार कडक झाला, तो फाडला. दुसरा इतका मऊ झाला, की वाचणाऱ्याला ते आमंत्रणच वाटलं असतं. पाचवा कागद त्यांनी चार घड्या करून खिशात घातला आणि बरोबर साडेतीनला गोकुळच्या गच्चीचा जिना चढले. मनात ठरवलं होतं, चिठ्ठी हातात द्यायची आणि तो वाचायच्या आत खाली उतरायचं.

आता घाटात निवेदकाचं काम कसं चालतं, हे धर्माजींना ठाऊक नव्हतं. तिथे दिवसभर चिठ्ठ्या येतात. कुणाचा गाडा पुढं आणायचा, कुणाची चावी सापडली, कोण पाहुण्यांची वाट बघत झाडाखाली थांबलंय. निवेदक बघत नाही कुणी दिली. बोलता बोलता हात मागे करतो, हाताला कागद लागला की थेट माईकवर वाचतो. समजून घेणं नंतर.

धर्माजी खाकरले. गोकुळने न वळता हात मागे केला. धर्माजींनी चिठ्ठी ठेवली आणि ते जिन्याकडे वळले. तिसऱ्या पायरीवर त्यांना स्वतःचेच शब्द स्पीकरवरून ऐकू आले.

“ऐका, ऐका, ऐका! सप्रेम नमस्कार! आपला आवाज उत्तम आहे, याबद्दल दुमत नाही! तथापि दुपारी तीन ते पाच मी पत्नीस कादंबरी वाचून दाखवतो! गेले आठ दिवस नायिका पेटी घेऊन एसटी स्टँडवर उभी आहे! गाडी लागली आहे! ती चढते की घरी परतते, हे आम्हांस अद्याप समजलेले नाही! आपण आवाज थोडा कमी केल्यास उपकार होतील! चूकभूल द्यावी घ्यावी! आपला नम्र, धर्माजी...”

इथे गोकुळला समजलं. स्पीकर खरखरला आणि बंद झाला.

धर्माजी घरात आले ते थेट आतल्या खोलीत. लंकाबाई काळ्या चष्म्याआड पदर तोंडाला लावून हसत होत्या. “आठ दिवसांत पयल्यांदा सगळं नीट ऐकू आलं मला,” त्या म्हणाल्या.

संध्याकाळी भाजीला गेले, तर भाजीवाल्या बयाबाईंनी वांगी तोलता तोलता विचारलं, “मग बाबा, चढली का वो ती?” पिठाच्या गिरणीत सुभाष म्हणाला, “माघारी न्हाई जायाची. पेटी उचलून आलेली बाई हाय राव.” धर्माजींना वाटलं, आपण गाव सोडून नारायणगावला जावं, लंकाबाईंच्या आधी.

गुरुवारी तीनला गच्ची गप्प होती. धर्माजींनी पुस्तक उघडलं आणि वाचू लागले. पण आता वेगळीच पंचाईत झाली. नायिकेनं पेटी उचलली, एक पाऊल पुढं टाकलं, आणि लंकाबाई म्हणाल्या, “काय म्हनली?”

“कुठं काय म्हणाली? चालतेय ती.”

“मला वाटलं गाडी सुटली.”

धर्माजींचं बोट ओळीवरच थांबलं. म्हणजे दोष गोकुळचा नव्हताच की काय? एवढी शांतता पदरात पडली, तरी आपला आवाज चार हातांवरच्या बायकोपर्यंत पोचत नाही. जन्मभर पाटीच्या आडोशाला बसून घशाला गंज चढला असावा. त्यांनी पुस्तक मिटलंच असतं, तेवढ्यात दारात गोकुळची बायको मंगल आली. एका हातात कुरडयांची ताटली, दुसऱ्या हातात चार घड्या घातलेला कागद.

“ह्यांनी दिलाय. म्हनले, तोंडानं सांगायला लाज वाटती.”

धर्माजींनी कागद उघडला. एक ओळ वाचली, मग चष्मा पुसून परत वाचली.

“मोठ्यानं वाचा की,” लंकाबाई म्हणाल्या. “चिठ्ठी आल्यावर आधी वाचायची असती.”

धर्माजींनी वाचलं. “बाबा, चुकलं माझं. सराव आता शेतात करतो. पण कालपासून मलाबी झोप न्हाई. भिंतीला कान लावून बसलोय, काय ऐकू येईना. जरा आवाज वाढवा. गोकुळ.”

खिडकीतून पाहिलं, तर पलीकडच्या ओट्यावर गोकुळ खरंच भिंतीला डोकं टेकून बसला होता आणि त्याच्या शेजारी बयाबाईंची भाजीची रिकामी पाटी होती, बयाबाईंसकट.

धर्माजी उठून उभे राहिले. बसून आवाज निघत नाही, एवढं त्यांना गच्चीवरच्या गोकुळला बघून कळलं होतं. त्यांनी एक हात कानाशी नेला, तोही गोकुळसारखा, पण लाजून लगेच खाली घेतला. मग घसा साफ केला आणि जिथं नायिकेचं पाऊल थांबलं होतं तिथून वाचायला लागले. पहिला शब्द फुटका निघाला, दुसरा बरा. पानाच्या मध्यावर त्यांचा आवाज खिडकीबाहेर गेला आणि तिथून परत त्यांच्याच कानावर आला. कुण्या भलत्याच माणसाचा वाटावा असा.

“...आणि तिनं पेटी वर ढकलली, दांडी धरली आणि ती गाडीत चढली.”

“झाली!” भिंतीपलीकडून गोकुळ म्हणाला, आणि लगेच जीभ चावल्यासारखा गप्प झाला.

“असू दे,” धर्माजी तितक्याच मोठ्यानं म्हणाले, आणि पान उलटलं.