ओलं पोतं

माझी सून प्रज्ञा धुळ्याची. जळगावला एमआयडीसीत एका मोठ्या कारखान्यात सुरक्षा विभागात कामाला आहे. लग्न ठरलं तेव्हा मी विचारलं होतं, की बाई, तू तिथे नेमकं करतेस काय? म्हणाली, काही होऊ नये एवढं बघते. मला हसूच आलं. काही न होण्याचा पगार घेणारं माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. आमच्या घरात तेच काम मी तीस वर्षं फुकटात करत आले होते.

सावद्याला जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव, आणि रस्त्याला लागून माझं किराणा दुकान. गाव मला अक्का म्हणतं. मी बोलायला फटकळ आहे, हे स्वतःच सांगून टाकते, म्हणजे दुसऱ्याला कष्ट पडत नाहीत. दुकानाच्या शेजारी कुंदनभाऊंची शेड आहे. शेतात तुषार सिंचनाचे पाइप असतात ना, त्यांचे ॲल्युमिनियमचे जोड तिथे घासून गुळगुळीत करतात. माझा एकुलता एक राकेश त्याच शेडमध्ये मशीनवर आहे. घासताना पिठासारखी बारीक पावडर उडते, ती पंखा ओढून घेतो, आणि रोज संध्याकाळी राकेश ती एका लोखंडी पिंपात नेऊन ओततो.

हे पिंप आधी शेडमध्येच असायचं. प्रज्ञानेच कुंदनभाऊंच्या मागे लागून ते बाहेर काढायला लावलं. शेडपासून दहा पावलांवर, उघड्यावर, चार बांबूंवर पत्रा टाकून त्याच्यासाठी जागा केली. त्या दिवशी तिने सगळ्या कामगारांना तासभर समजावलं होतं. पावडर कोरडी ठेवा, झाडू हळू मारा, जवळ बिडी ओढू नका, आणि पेटलीच तर पाणी मारू नका. मी तेव्हा दुकानात गूळ फोडत होते. कानावर पडत होतं, पण सुनेचं बोलणं कान देऊन ऐकायची मला सवय नव्हती. पाण्याने आग विझत नाही, हे ऐकून तर मी मनात म्हटलं, शिकलेल्या माणसाला काहीही सुचतं.

आता खरी गोष्ट. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन पंधरा दिवस झाले होते. आमच्याकडचा मे महिना म्हणजे माणूस सावलीतही भाजून निघतो. शुक्रवारी संध्याकाळी राकेश जेवायला बसला तर घास डाव्या हाताने घेत होता. उजवा तळवा लालभडक. दुपारभर पत्र्याखाली येणाऱ्या कलत्या उन्हात तापलेल्या पिंपाचं झाकण उचलताना चटका बसला होता. झाकण एका बाजूने वाकलेलं, पटकन निघतही नाही आणि नीट बसतही नाही. मी हाताला तूप लावलं आणि प्रज्ञाला चार शब्द सुनावले. पिंप सावलीत होतं ते उन्हात कोणी काढलं? तुझ्या त्या सुरक्षेने माझ्या पोराचा हात भाजला. तिने नुसता त्याचा हात उलटा करून बघितला आणि ताट घेऊन आत गेली. तिचं हे न बोलणं मला तेव्हा उर्मटपणाचं वाटायचं.

शनिवारी सकाळी मी उपाय केला. उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याचा रांजण गार राहावा म्हणून आपण त्याला ओलं पोतं गुंडाळतो. तसंच एक बारदानाचं पोतं मी चिंब भिजवलं आणि त्या पिंपाला गुंडाळलं, झाकणावरून चांगलं घडी घालून. तासातासाने जाऊन वरून तांब्याभर पाणी ओतत होते. संध्याकाळी पावडर ओतायची वेळ होईपर्यंत तिकडे कोणी फिरकत नाही, म्हणून कोणाला दिसलंही नाही. पाणी बाहेरून लावतेय, आतल्या पावडरीला कशाला लागतंय, असा माझा हिशोब. वाकलेल्या झाकणाची फट माझ्या डोक्यातही आली नाही. पोराला संध्याकाळी चटका बसणार नाही, एवढंच डोक्यात होतं.

दुपारी पोतं लवकर वाळायला लागलं. चुना भिजवला की कशी वाफ निघते, तशी वाफही दिसली. मला वाटलं ऊन वाढलंय. म्हणून तांब्या ठेवला आणि कळशी ओतली.

त्यानंतर पाऊण तास झाला असेल. तानुबाई कैरीच्या लोणच्यासाठी मीठ घ्यायला आली होती. तिनेच सांगितलं, अक्का, तुमच्या शेजारून धूर निघतोय. मी बाहेर जाऊन बघते तर पोतं जळून खाली गळालं होतं, झाकण एका बाजूला सरकलं होतं, आणि पिंपाच्या तोंडाशी पांढराशुभ्र उजेड होता. ज्वाळा फारशी नव्हती, पण त्या उजेडाकडे बघवत नव्हतं.

शेडमधून राकेश बादली घेऊन धावत आला. त्याच वेळी घरातून प्रज्ञा आली. शनिवारी तिला सुट्टी असते. ती तिथूनच म्हणाली, राकेश, पाणी नको, मागे ये. तो थांबला. पण मागे नाही आला. पिंपापासून चार पावलांवर भरलेली बादली घेऊन उभा राहिला आणि त्याने माझ्याकडे बघितलं.

हे त्याचं बघणं मला चांगलं ओळखीचं होतं. बायको एक सांगते आणि आई दुसरं, असं झालं की राकेश माझ्याकडे बघतो आणि मी म्हणेन ते करतो. मला त्याचा अभिमानही होता, खोटं कशाला बोलू?

तेवढ्यात भटू आबा आले. केळीच्या बागेला पाणी द्यायला ते ट्रॅक्टरला टँकर जोडून चालले होते. धूर दिसला तसा त्यांनी टँकर सरळ आमच्याकडे वळवला. सत्तरीचा माणूस, पण उतरून रबरी पाइप हातात घ्यायला त्यांना वेळ लागला नाही. आमच्याकडे पाणी देणाऱ्या माणसाला देवमाणूस समजतात, आणि इथे तर पाच हजार लिटर दारात उभं होतं. धूर बघून जमलेले सगळे आबांना वाट करून देत होते. प्रज्ञा पाइपासमोर जाऊन उभी राहिली आणि हात जोडून सांगायला लागली, की यावर पाणी पडलं तर पेटती पावडर सगळीकडे उडेल, राकेश अगदी समोर उभा आहे.

आबा तिला म्हणाले, "पोरी, तू बाजूले हो. आगीले पानीच लागते."

मलाही तेच वाटत होतं. माझ्या तोंडात शब्द आला होता, टाक राकेश. पण तेवढ्यात माझी नजर खाली गेली. पोत्याचा एक न जळलेला तुकडा पिंपाच्या काठावर लोंबत होता. त्यातून एक थेंब आत पडला. तडतड झालं आणि पांढरी ठिणगी हातभर वर उडाली. मग दुसरा थेंब पडला, तेव्हाही तसंच झालं.

सकाळपासून मी किती तांबे ओतले, ते मला एकदम आठवले. आणि समोर माझा पोरगा बादली घेऊन माझ्या शब्दाची वाट बघत उभा होता.

मी आबांचा पाइप धरला. "आबा, कॉक बंद करा. तठी सकायपासून पानी मीच टाकू ऱ्हायली. त्यानंच पेटलं हे."

अख्खं गाव माझ्याकडे बघत होतं. मी राकेशकडे वळले. "बादली लांब नेऊन ठेव. आन् ती सांगते तसं कर."

आबांनी कॉक बंद केला. सुनेचं त्यांनी ऐकलं नसतं, पण अक्का स्वतःची चूक कबूल करते म्हटल्यावर त्यांना कॉक बंद करण्यावाचून दुसरं काही सुचलं नसावं.

मग प्रज्ञाने ज्या रीतीने सगळं हातात घेतलं, ते मी बघतच राहिले. आवाज चढवला नाही. कुंदनभाऊंना शेडची मेन लाइन बंद करायला लावली, पंख्यासकट. सगळ्यांना वारा येतो त्या बाजूला, रस्त्यापलीकडे पाठवलं. फोन करून बंब मागवला आणि दोनदा सांगितलं, की ॲल्युमिनियमची पावडर आहे, अर्धं पिंप, पाणी मारायचं नाही. पिंपाला कोणी हात लावायचा नाही, झाकण लावायचं नाही, हलवायचं नाही. मग तिने कोरडी वाळू मागितली. जवळच भिकन नावाच्या शेजाऱ्याच्या घराचं बांधकाम चालू होतं, पण गवंड्याने वाळू सकाळीच भिजवून ठेवली होती. तिने मूठभर हातात घेतली आणि टाकून दिली.

"आई," ती मला म्हणाली, "दुकानात मीठ किती आहे?"

लोणच्याचे दिवस, मीठ असायचंच. पाच गोणी होत्या, खणखणीत कोरड्या. राकेशने त्या खांद्यावरून आणून लांब ठेवल्या. प्रज्ञाने घरात जाऊन तिच्या ऑफिसच्या बॅगेतून चामड्याचे हातमोजे आणले, कोरे करकरीत, लेबलसुद्धा काढलेलं नव्हतं. तिच्या बोटांना ते ढगळ होत होते. सुती ओढणी तोंडाला बांधली, डोळ्यांना गॉगल लावला आणि आबांच्या ट्रॅक्टरवरचं लांब दांड्याचं फावडं घेतलं. जाण्याआधी कुंदनभाऊंना तिने स्पष्ट सांगितलं, की आग अजून पिंपाच्या तोंडापुरती आहे म्हणून जातेय. वाढली तर मी मागे येणार, आणि शेड जळाली तर जळू द्यायची. कुंदनभाऊंचा चेहरा उतरला, पण त्यांनी मान हलवली.

वाऱ्याकडे पाठ करून ती मीठ टाकायला लागली. टाकायला म्हणजे काय, तान्ह्या लेकराच्या अंगावर पांघरूण घालावं तसं, काठाकडून हळूहळू, पावडर उडणार नाही अशा बेताने. एक फावडं, मग थांबायचं. मी रस्त्यापलीकडे तानुबाईचा हात धरून उभी होते. आयुष्यात मी कोणाचा हात धरून उभी राहिले नव्हते. चौथी गोणी अर्धी झाली तेव्हा उजेड पिवळट झाला. पाचव्या गोणीला दिसेनासा झाला. वर मिठाचा जाड थर तेवढा राहिला. प्रज्ञा मागे मागे येत रस्त्यापर्यंत आली आणि मटकन खाली बसली. राकेश तिच्याशेजारी बसला. दोघंही धडधाकट, समोर, हाताच्या अंतरावर. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

बंब आला. त्यांच्या साहेबांनी लांबूनच बघितलं, प्रज्ञाशी बोलले, आणि पाण्याचा पाइप उलगडू नका म्हणून माणसांना सांगितलं. थर मोडायचा नाही, आत अजून धग असते, उद्यापर्यंत पहारा ठेवा म्हणाले. दोन माणसं तिथेच बसवून गेले. पावडर ओली कशी झाली, असं त्यांनी विचारलं तेव्हा प्रज्ञा जमिनीकडे बघत होती. मीच पुढे झाले आणि पोत्यापासून कळशीपर्यंत सगळं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. मला वाटलं होतं लाज वाटेल, पण एवढं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

रविवारी पिंप गार पडलं. दुकानात मीठ मात्र उरलं नाही. जी बाई लोणच्यासाठी मीठ मागायला येई, तिला मी नाही का म्हणते ते सांगावं लागे, आणि सांगितलं की ती आणखी दोघींना घेऊन येई. ॲल्युमिनियमच्या पावडरीवर पाणी टाकू नये, हे त्या दिवशी आमच्या गावातल्या प्रत्येक बाईला पाठ झालं.

दुपारी जेवणं झाली तेव्हा मी प्रज्ञाला म्हटलं, की पोतं मी का गुंडाळलं ते तू विचारलंसुद्धा नाहीस.

"माले माहीत शे," ती म्हणाली. घरात ती धुळ्याचं बोलत नाही, त्या दिवशी बोलली. "त्याचा हात."

हातमोजे ओट्यावर पडले होते. मिठाने पांढरे झालेले. मी ते झटकले आणि लेबल वाचलं, तर माप पुरुषांचं होतं. कोणासाठी, म्हणून विचारलं तेव्हा तिने सांगितलं. शुक्रवारी मी तिला बोलले, आणि त्याच रात्री सगळं आवरल्यावर कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याला दुकान उघडायला लावून ते घेऊन आली होती. शनिवारी सकाळी द्यायचे होते, पण मी अजून रागात आहे असं तिला वाटलं, म्हणून बॅगेतच राहिले.

मी राकेशला हाक मारली आणि त्याच्या भाजलेल्या हातात त्यातला एक मोजा हळूच चढवून बघितला. बरोबर मापाचा होता.