घडीची सावली

रेघ जेमतेम तीन सेंटिमीटरची होती, मनगटावरच्या शिरेइतकी फिकी. दुमडून दुमडून मऊ पडलेल्या जलवाहिन्यांच्या त्या नकाशावर कडुबा साळव्यांनी मिठाईच्या खोक्याचा पिवळा पारदर्शक कागद ठेवला. पिवळ्याखाली पुसट निळी शाई गडद दिसते, ही युक्ती पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात आलेल्या प्रत्येक इंजिनिअरला त्यांनीच शिकवली होती. मग टॉर्च आडवी धरून त्यांनी कागदाला नाक लावलं.

"काका, अजून वाकलात तर नकाशात शिराल," निशा म्हणाली. ती कनिष्ठ अभियंता. रुजू होऊन वर्ष झालेलं.

"तुमच्या मोबाइलपेक्षा बरं दिसतंय मला, मॅडम."

दिसत नव्हतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि दीड वर्षापासून ते ऑपरेशन पुढं ढकलत होते. डोळाच गेला तर? रेघा वाचण्यापलीकडं आपल्याला येतं तरी काय?

दारात बुद्धभूषण उभा होता. त्याचा जेसीबी दौलताबाद रस्त्यावरच्या पुलापाशी खोळंबला होता. पुलाच्या डावीकडं कुठंतरी, छोट्या फाट्याच्या लाइनवरचा जमिनीत पुरलेला व्हॉल्व्ह शोधायचा होता.

"काका, सांगा ना कुठं खोदू. मेन लाइन फुटली तर लोक मला गाडतील त्या खड्ड्यात."

"मेन लाइन पुलाच्या उजवीकडं हाय. डावीकडं बिनधास्त घाल जेसीबी."

निशानं टॉर्च हळूच त्यांच्या हातातून घेतली आणि पलीकडच्या बाजूनं धरली. उजेड फिरवला तरी शाईची रेघ जागची हलत नाही. घडीची सावली मात्र बाजू बदलते. हेही त्यांनीच तिला शिकवलेलं. उजवीकडची 'रेघ' सरकली; ती नुसती घडी होती. कडुबांना ते सरकणं दिसलं नाही. तिचा थबकलेला हात दिसला.

"डावीकडं नको," ती बुद्धभूषणला म्हणाली. "मेन लाइन डावीकडंच आहे. तिथं जेसीबी नाही, हातानं खोदा."

"आत्ता तर काका..."

"माझी परीक्षा घेत होते ते."

"लई खट हाव तुम्ही, काका!" हसत तो गेला.

कडुबा बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

"खोटं कशाला बोललात, मॅडम?"

"लाइन तुमच्याच युक्तीनं सापडली ना?"

त्यांनी खिशातला फोन काढून तिच्यापुढं धरला.

"आमच्या सूनबाईला लावून द्या. रूपा नाव हाय. मला नाय दिसत."

तिकडून आवाज आला, तसा त्यांनी फोन कानाशी घट्ट धरला.

"रूपा, डाक्टरकडून तारीख घे. ह्याच आठवड्यातली. डोळ्याचं ऑपरेशन करून घेतो मी."