बारा प्लेटांमधले फाटे

थोरलीला जाऊ घरात मिळाली ती मिळालीच, वर प्रयोगशाळेतही मिळाली. आणि हा धोंडा तिने स्वतःच पायावर पाडून घेतला होता. "माझ्या धाकट्या जावेला घ्या, हुशार आहे," असं प्रयोगशाळा चालवणाऱ्या मॅडमना तिनेच सांगितलं होतं. बया इतकी हुशार निघेल, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं!

थोरलीची नऊ वर्षं एका मायक्रो-आरएनएपायी गेली होती. एवढासा तुकडा तो, जेमतेम बावीस अक्षरांचा. पेशीला नवं काही शिकवत नाही, फक्त आधीचे हुकूम दाबतो. मेंदू घडत असताना मूळ पेशी दोनाच्या चार, चाराच्या आठ होत सुटतात. 'वाढत राहा' हा हुकूम कुणीतरी गप्प केला, की मग पेशी थांबते, तिचा न्यूरॉन होतो आणि त्याला फाटे फुटतात. हे काम माझा तुकडा करतो, असं थोरलीचं म्हणणं. लाडाने ती त्याला पिटुकला म्हणायची. पण पिटुकल्याने आजवर काही दिवे लावले नव्हते.

धाकटीने मात्र दोन वर्षांत भलताच एक तुकडा शोधला आणि मॅडम उठता-बसता तिचं नाव घ्यायला लागल्या. घरी सासूबाईंचंही तेच. "धाकटी बघ कशी भराभर पुढे गेली," त्या सहज बोलून गेल्या आणि थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. जळत होती ती, उगाच लपवायचं कशाला?

त्यात मॅडमनी जाहीर केलं, की पुढच्या वर्षी एकाच तुकड्यावर काम चालेल. धाकटीने शेवटच्या चाचणीसाठी मूळ पेशींच्या बारा प्लेटा भरल्या. नियम असा, की जिने भरल्या तिने फाटे मोजायचे नाहीत, आणि जी मोजेल तिला कशात काय आहे ते सांगायचं नाही. प्लेटांवर नुसते आकडे, यादी धाकटीने बंद पाकिटात घालून मॅडमकडे दिलेली. मोजायला नजर हवी ती थोरलीचीच.

"ताई, तुमच्यावर सोपवते हं," धाकटी म्हणाली.

"सोपव की," थोरली म्हणाली.

सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्या तीन प्लेटा साध्याच निघाल्या. चौथी मात्र तिने दोनदा पाहिली. काय ते फाटे! एकेका न्यूरॉनला सात-सात, आठ-आठ. सातवी, नववी, अकरावीही तशीच. म्हणजे यांत धाकटीचा तुकडा आणि बाकीच्या आठ कोऱ्या, काहीच न घातलेल्या, असं तिने मनाशी ठरवूनच टाकलं. आता पिटुकल्याला कोण विचारतंय?

मग तिने जे केलं ते नऊ वर्षांत कधी केलं नव्हतं. त्या चार प्लेटांमधला बारीक फाटा दिसला, की 'धूसर आहे' म्हणत ती तो सोडून द्यायची. बाकीच्या आठ मात्र तिने चोख मोजल्या. संध्याकाळपर्यंत बाराही प्लेटांचे आकडे सारखेच दिसायला लागले आणि तिला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, छान वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमनी पाकीट फोडलं.

"एक, पाच, आठ, बारा कोऱ्या. दोन, तीन, सहा, दहा धाकटीचा तुकडा. चार, सात, नऊ, अकरा..." त्यांनी चष्मा सारखा केला. "हे काय? पिटुकला?"

"मीच घातला," धाकटी ओशाळून म्हणाली. "ताई नेहमी तो पेशी थांबल्यावर घालायच्या. मला वाटलं, दोन दिवस आधी, पेशी वाढत असतानाच घालून बघावं. जमलं असतं तर त्यांना केवढं..."

"पण जमलं नाही. बाराही आकडे सारखेच. दोन्ही नापास," मॅडम म्हणाल्या. "सोमवारी दोघींच्या तुकड्यांचे डबे फ्रीजरमधून काढून टाका." आणि त्या निघून गेल्या.

थोरलीला बसायला खुर्ची सापडेना.

"ताई, सॉरी हं," धाकटी म्हणाली. "उगाच तुमची आशा..."

"गप्प बस गं," थोरली म्हणाली. "जमलंय. त्या चारांत फाटेच फाटे आहेत. मी कमी मोजले."

"चुकून?"

"मुद्दाम. प्लेटा आहेत अजून. दुसऱ्या कुणाकडून मोजून घे, मॅडमना मी सांगते."

धाकटीने प्लेटांचा ट्रे जवळ ओढला. मग तिने हळूच विचारलं, "आणि माझ्या? माझ्या तरी नीट मोजल्यात ना?"

"तुझ्या अगदी नीट मोजल्या," थोरली म्हणाली. "तुझ्या आहेत हे माहीत नव्हतं ना."