भेटीचं कारण : चहा

“‘नगरपरिषदेनं काय केलं म्हणता? काहीच नाही हो. जे काही केलं ते आमचं आम्हीच केलं.’” सरकारी तपासनीस पार्जिटरसाहेबांनी एवढं वाचलं आणि चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं. “हॉलो लेन शाळेच्या मुख्याध्यापिका, जनीन थ्यूलिस. फोनवर.”

आमचा साहेब क्लाइव्ह हिलरीकडे बघू लागला. मी फायलींच्या ढिगाकडे बघत बसलो. हिलरी ऑर्मरॉड मात्र हसली. तेही गालातल्या गालात नाही, चांगली तोंडभर.

शाळांची तपासणी होते हे आमच्या हॅदरशॉ गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण शाळा सुधारायला हातभार लावणं हे नगरपरिषदेचं काम, आणि ते ती करते की नाही हे बघायलाही सरकार तपासनीस धाडतं, हे परिषदेच्या शाळा विभागातल्या आम्हा सहा जणांना त्या वर्षी कळलं. आधी आठवडाभर त्यांनी गावातल्या बारा शाळा तपासल्या. मग मुख्याध्यापकांना फोन करून विचारलं, परिषदेची तुम्हाला मदत काय? आणि मग पाच दिवसांची सूचना देऊन स्वारी आमच्या कचेरीत दाखल झाली. पुरावे गोळा करून फायलींत लावायचं काम माझ्याकडे, म्हणजे केनकडे होतं.

हिलरी शाळांची सल्लागार. एकसष्टीला आलेली, आखूड केसांची, कायम ओला रेनकोट खुर्चीच्या पाठीवर टाकणारी. शाळेला भेट दिली की सल्लागारानं एक तक्ता भरायचा असतो: काय कच्चं आढळलं, काय सुचवलं, फरक काय पडला. बाकीचे पानंच्या पानं भरत. हिलरीच्या तक्त्यात एकच ओळ: ‘भेट दिली. ठीक चाललंय.’ मी तिच्या पाठी लागून लागून थकलो होतो.

“आणि हे,” पार्जिटर म्हणाले. त्यांनी हॉलो लेनच्या दारातल्या पाहुण्यांच्या वहीची छायाप्रत काढली. नाव, गाडीचा नंबर, येण्याची वेळ, भेटीचं कारण. “चार वर्षांत तुमच्या एकशे सदतीस भेटी आहेत, मिसेस ऑर्मरॉड. कारण प्रत्येक वेळी एकच. चहा. एकदा ‘चहा आणि केक’ आहे.”

“वाढदिवस होता,” हिलरी म्हणाली.

क्लाइव्हनं डोळे मिटून घेतले.

“शाळा चार वर्षांपूर्वी तळाला होती. गेल्या आठवड्यात ‘चांगली’ ठरली,” पार्जिटर म्हणाले. त्यांचा आवाज मुळीच कडवट नव्हता. “त्यात तुमचा वाटा दाखवणारं एखादं पान असेल तर मला हवंय. मला दिसेल तेवढंच लिहिता येतं.”

क्लाइव्हनं दहा मिनिटं मागून घेतली आणि आम्हा दोघांना जिन्यात ओढलं.

“ती निळी वही काढ,” तो म्हणाला.

वही तिच्या पिशवीत होती. मी ती पाहिलेली होती. दर गुरुवारी गाडीत बसून ती त्यात सगळं लिहायची. जनीन नवी नवी मुख्याध्यापिका झाली तेव्हा रंगांच्या बाटल्या ठेवायच्या खोलीत दार लावून रडायची. आकड्यांचे तक्ते तिला वाचता येत नसत. वर्गात कुणी चुकलं तर ती नजर चुकवून निघून जाई. पहिल्याच दिवशी तिनं हिलरीला सांगितलं होतं, “हे लिहून नेणार असाल तर मी आजच राजीनामा देते.” हिलरी म्हणाली होती, “छे गं, मी चहाला आलेय.” तेव्हापासून ताकाला जाऊन भांडं लपवावं तशी ही बाई दर आठवड्याला तिथं जायची. वर्गात मागे पोरांच्या खुर्चीवर बसायची, बाहेर आल्यावर “तुला काय वाटलं?” एवढंच विचारायची आणि गप्प व्हायची. सहा-सात महिन्यांनी जनीन सांगायची, “मला एक सुचलंय!” हिलरीनंच कधीतरी चहा पिताना तिच्या कानावर घातलेलं असायचं ते. हिलरी म्हणायची, “अरे वा.”

“सहा जणांच्या नोकऱ्या आहेत, हिलरी,” क्लाइव्ह म्हणाला. “एक तुझी. एक या केनची.”

“ह्यात ती चार वर्षांपूर्वीची जनीन आहे, क्लाइव्ह. उद्या कुणीतरी बोलेल, परवा शाळेच्या फाटकात आया बोलतील. मी तिला शब्द दिलाय.”

“अगं, तिनं तर तुझं नावसुद्धा घेतलं नाही!”

“नाही घेतलं. तिला खरंच वाटतंय की तिचं तिनं केलं. ते वाटावं म्हणूनच तर जात होते ना मी?”

“लागलं नाही तुला?” मी विचारलं.

“लागलं की. मी काय दगड आहे?” ती म्हणाली आणि नाक पुसलं.

मला तिचा राग आला होता, खोटं कशाला बोलू. माझी दोन मुलं कॉलेजात, आणि ही बाई चहावर सगळं उधळून देत होती. परत आत गेल्यावर पार्जिटरनी विचारलं, “काही मिळालं?” मी तोंड उघडलं. टेबलाखाली हिलरीनं माझ्या बुटावर आपला बूट ठेवला आणि चांगला दाबला.

“नाही,” ती म्हणाली.

सात पानी पत्र आलं. शाळा सुधारण्यासाठी परिषदेचं साहाय्य परिणामकारक नाही, असं पहिल्याच परिच्छेदात होतं. पुढच्या वसंतात आमचा विभाग मोडला. मला गाड्या उभ्या करायच्या परवान्यांच्या खात्यात जागा मिळाली. हिलरीला घरी पाठवलं.

तिच्या शेवटच्या गुरुवारी मीच तिला गाडीनं हॉलो लेनला नेलं. दारातल्या बाई म्हणाल्या, “या, आज जोडीनं?” हिलरीनं वहीत नाव लिहिलं आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘चहा’. मीही तेच लिहिलं.

जनीन तिच्या खोलीत नव्हती. बोळातून जाताना हिलरी एका वर्गाच्या दारापाशी थांबली. काचेतून दिसत होतं. फळ्यापाशी एक नवी शिक्षिका अपूर्णांक शिकवत होती, आणि निम्मी पोरं खिडकीबाहेर बघत होती. मागे पोरांच्या खुर्चीवर, गुडघे वर आलेले, हात मांडीवर, जनीन बसली होती.

घंटा झाली. पोरं आमच्या अंगावरून पटांगणात पळाली. उघड्या दारातून ती शिक्षिका रडवेली होऊन जनीनपुढे उभी राहिलेली दिसली.

“तुला काय वाटलं?” जनीननं विचारलं आणि ती गप्प बसली.

“चल,” हिलरी हळूच म्हणाली.

“अगं, भेट तरी. चहा?”

“नको. तिचं काम चाललंय.”

दारात येऊन तिनं वहीत निघायची वेळ लिहिली, दहा वाजून वीस मिनिटं. मग गळ्यातला पाहुण्यांचा बिल्ला काढला आणि खिळ्याला अडकवला.