इर्जिकीचा उपास

मला उपास सोसत नाही. दुपार टळली की डोकं फिरतं आणि जिभेवर ताबा राहत नाही. तो तसाही फारसा नसतो. तरी त्या आषाढात सगळ्या वाडीला उपास करायला लावायची अक्कल माझीच.

सहदेव माझा चुलत दीर. पावसाचे चार महिने सोडले तर माथेरानला हातरिक्षा ओढायचा. त्या उन्हाळ्यात तो चढणीवर मटकन खाली बसला. मुंबईच्या डॉक्टरांनी तोंडावरच सांगितलं, पोटातली गाठ हाताबाहेर गेली आहे, दिवाळी दिसली तर नशीब. घरी येऊन त्याने ते सुंदराला, म्हणजे बायकोला, सांगितलं आणि लगेच विचारलं, यंदा लावणी कोण करणार.

औषधांपायी आणि मुंबईच्या खेपांपायी बैलजोडी गेली होती. लढाईचे दिवस, तांदूळ रेशनवर. रोपं हातभर वाढली तेव्हा वाडीने इर्जिक करायचं ठरवलं. इर्जिक म्हणजे सगळ्यांनी एकाच्या शेतात फुकट राबायचं आणि त्याने सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं. राबायला वीस जण उभे राहिले. जेवणाचं कोणी बोललं नाही.

आदल्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले, तर सुंदरा तांब्याचा हंडा चिंचेने घासत बसलेली.

"कुठं निघालीस गं?"

"शिळफाट्याला, हंडा मोडीत द्यायला. घरात दोन शेर तांदूळ हाय. वीस माणसांना काय घालू?"

"आणि पाणी कशात भरशील? ते दोन शेर वाढलेस तर पोरं काय खातील?"

मी हंडा हिसकावून फळीवर ठेवला. म्हटलं, उद्या गुरुवार, सगळ्यांचा उपास हाय, चूल पेटवू नको. तिने माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं. रडली, पण मान डोलावली.

मग मी घरोघर फिरले. धाऊने जन्मात उपास धरला नव्हता, तो म्हणाला दत्ताचा धरीन. चिमाने देवीचा नवस शोधून काढला. भिसेगावचा गाडीवाला कमाल लावणीआधीच्या चिखलणीला आपले बैल आणणार होता. रमजानला महिन्यावर अवकाश होता, तरी तो म्हणाला, "माजा रोजा धरा, वयनी." मी स्वतःवर भलतीच खूश होते. माझ्याइतकी शहाणी बाई पंचक्रोशीत नसेल असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपार कलताना शेवटचं खाचर लावून झालं. पोटात कावळे ओरडत होते. सगळ्यांनी ओढ्यावर हातपाय धुतले, इरली डोक्यावर घेतली आणि घरासमोरून माना खाली घालून निघाले. पडवीत सहदेव खाटेवर होता. खोटं बोलून त्याच्याकडे बघवेना, म्हणून निरोपाचा शब्दही कोणाच्या तोंडून फुटला नाही.

"वयनी," सहदेवने हाक मारली. "चूल का पेटली नाय?"

"गुरुवार हाय, भावजी. सगळ्यांचा उपास."

"कमालचाबी?"

मी निघायला इरलं उचललं.

"चूल बंद. माणसं पाणीबी न पिता चालली. येतो म्हनत नाय कुनी." तो दम घ्यायला थांबला. "वयनी, मी हाय ना अजून?"

मयताच्या घरची चूल त्या दिवशी पेटत नाही, तिथे कोणी जेवत नाही आणि निघताना 'येतो' म्हणत नाही. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आणि मी, पंचक्रोशीतली शहाणी, वीस जणांना जित्या माणसाचं सुतक पाळायला लावलं होतं. तेव्हाइतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही.

अंगणात जाऊन मी हाळी दिली. "मागं फिरा सगळे. उपास सुटला." आणि सुंदराला म्हटलं, "पेटव चूल."

दोनही शेर तांदूळ शिजवले. त्याच हंड्यातलं पाणी ओतून ओतून वीस जणांना पुरेल अशी पेज केली. सगळे पडवीच्या पायरीपासून गोठ्यापर्यंत बसले. कमालने गाडीतून आपलं भांडं आणलं. वाट्याला ओगराळंभरच पेज आली, तरी धाऊने अशी ढेकर दिली की सुंदरा रडतारडता हसली. सहदेव खाटेवरून एकेकाला विचारत होता, "पुरलं का रं?" जो तो म्हणत होता, "पोट भरलं."

इर्जिकीला मालक शेवटी जेवतो. दोन दिवस सहदेवच्या पोटात पाणी ठरलं नव्हतं. सगळ्यांचं झाल्यावर त्याने दोन घोट पेज घेतली, आणि ती ठरली. जाताना प्रत्येक जण खाटेपाशी थांबून "येतो रं" म्हणून गेला.

पोरांचा घास मात्र संपला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमच्या घरातले दोन शेर तांदूळ सुपात घेऊन, पदराखाली झाकून निघाले. मागच्या दाराने जाऊन गुपचूप सुंदराच्या हाती द्यायचे, असा आधी विचार होता. अंगणात आल्यावर पदर बाजूला केला आणि सूप सरळ खाटेपुढे नेलं.

"भावजी, पोरांना तांदूळ आनलेत. उद्या चिमा आनंल, परवा धाऊ."

सहदेवने सुपाकडे पाहिलं. त्याला घेणं जड जात होतं, ते मला दिसत होतं. मी सूप खाली ठेवलं नाही.

"ठेवा," तो शेवटी म्हणाला. "पन जेवून जा."

सुंदराने त्यातलेच मूठभर शिजवले. मी तिच्या चुलीपाशी बसून जेवले. निघताना पडवीत थांबले आणि शेजारच्या घरालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "येते, भावजी."