आसियाच्या चिंचेवरची वाघळं

जितेशच्या तोंडून 'अनुभव' हा शब्द पहिल्यांदा निघाला तेव्हाच आसियाने त्याला उंबऱ्यावरून परत पाठवायला हवं होतं. हा गडी जेवणाला जेवण म्हणत नव्हता, खाद्यअनुभव म्हणत होता. घराला घर म्हणत नव्हता. पेणच्या एस.टी. स्टँडाजवळ त्याचं सहलींचं ऑफिस होतं आणि इतकी वर्षं तो लोकांना केनिया, व्हिएतनाम, तुर्कस्तान असं बाहेर धाडत होता. मग त्याच्या डोक्यात आलं, की जग फिरून आलेल्या माणसांना आता आपलाच रायगड जिल्हा दाखवावा. सकाळी पेणला गणपतीचा कारखाना, दुपारी निडी स्टेशनापासून दोन किलोमीटरवर आसियाच्या परसातली वाघळं, मग तिच्याच घरी कोकणी मुसलमानी जेवण आणि पुढे कोलाडला नदीकाठी चहा. सगळं एका दिवसात, आणि सगळं अविस्मरणीय.

आसिया हो म्हणाली ती हौसेपायी. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगा नावेद बायकोसकट केनियात, मोंबासाला. पैसे तो वेळेवर पाठवायचा, पण पैसे काही तिच्या गोष्टी ऐकत बसत नव्हते. आणि आसियाकडे गोष्टी मुबलक होत्या. त्यातली सगळ्यात लाडकी केनियाची. चार वर्षांपूर्वी नावेदने तिला जंगल दाखवायला नेलं होतं. गाडीपासून हाकेच्या अंतरावर सिंहीण पिलं घेऊन बसलेली. आसिया गाडीच्या दारावर थापा मारत ओरडली, "या अल्ला, नावेद, बघ रे बघ!" त्याबरोबर गाडीवाला गर्रकन वळला आणि ओठावर बोट ठेवून त्याने तिला असं काही दटावलं, की साठीच्या आसियाला शाळेत गेल्यासारखं झालं. नावेदने त्याचं बोलणं तिला समजावून दिलं. तो म्हणत होता, हे सिंहिणीचं घर आहे, तुम्ही पाहुण्या आहात. सुरुवातीला आसियाला भयंकर राग आला होता. संध्याकाळपर्यंत तिला त्या माणसाचं पटलं. गावात आल्यावर ती ही गोष्ट स्वतःवर हसत सगळ्यांना सांगायची आणि शेवटी म्हणायची, "बरोबर बोलला गो तो. त्यांच्या घरात आपण गप बसायचं."

वाघळं तिच्या चिंचेवर सासऱ्याच्या आधीपासून होती. दोनशेच्या वरच असतील. दिवसभर उलटी लटकून कुरकुरायची, पंखांनी वारा घ्यायची आणि तिन्हीसांजेला नदीकडे उडून जायची. घरातल्या कोणी त्या झाडाखाली कधी डबा वाजवला नव्हता.

एप्रिलच्या त्या रविवारी जितेशची छोटी बस आली. आठ माणसं उतरली. त्यांत पुढे होत्या अनितामॅडम, छत्तीस देश पाहिलेल्या. हा आकडा त्यांनी चप्पल काढण्याआधीच सांगितला. त्यांच्यामागे हैबतराव म्हणून निवृत्त साहेब, गळ्यात भलामोठा कॅमेरा. माणसं वाईट नव्हती. अनितामॅडमनी आसियासाठी पेणहून पापड आणले होते. आसियाने त्यांना सरबत दिलं, परसाचं दार दाखवलं आणि कालवणाला उकळी आली का बघायला ती आत वळली.

तेवढ्यात परसात फटाक्यांची माळ लागली.

आसियाच्या हातातली पळी खाली पडली. ती मागच्या दाराशी आली तोवर चिंच मोकळी होत होती. शेकडो काळे पंख एकदम सुटले, अंगणावर सावली पडली आणि त्या चिरक्या ओरडण्यात पाहुण्यांचं "ओहो! वाहवा!" मिसळून गेलं. हैबतरावांचा कॅमेरा वर. जितेश हातात उदबत्ती धरून हसतोय. आणि झाडाखालच्या पाचोळ्यात टप्प, टप्प असं काहीतरी पडत होतं. एप्रिल महिना. आयांच्या पोटाला पिलं घट्ट चिकटलेली असतात. घाबरून उडताना त्यांची पकड सुटली होती.

"थांबव! जितेश, थांबव ते!" आसिया ओरडली. पण माळ संपलीच होती.

"झालं चाची, एकच लावायची होती," जितेश म्हणाला. "चला मंडळी, हात धुऊन घ्या. जेवण तयार आहे."

आणि मंडळी खरंच हात धुऊन जेवणासाठी जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानावर बसली.

इथे आसियाची पंचाईत झाली. तिच्या सासूने या घरात एक रीत घालून दिली होती, आणि ती मोडल्याचं आसियाला आठवत नव्हतं. माणूस दस्तरखानावर बसला, की त्याचे हात पुन्हा धुऊन होईपर्यंत त्याला कडू शब्द बोलायचा नाही. मग तो वैरी का असेना. भावकीतली भांडणंसुद्धा या घरात हात धुवायच्या पाण्यापर्यंत थांबलेली होती. आसिया दात आवळून वाढू लागली. सांदण, तांदळाच्या रोट्या, कोलंबीचं कालवण, वालाचं बिरडं. तिच्या हाताने आग्रहसुद्धा केला, कारण हाताला सवय होती.

पाहुणे खुशीत होते. अनितामॅडम सांगत होत्या, "रवांडात गोरिला बघायला गेलो ना, तिथे काय शिस्त! तोंडाला मास्क. ठरलेल्या अंतरापुढे एक पाऊल नाही. खोकला आला तर तोंड फिरवायचं. तासभर मी श्वाससुद्धा जपून घेत होते."

"अंटार्क्टिकात तर बूट धुऊनच माणसं बोटीतून उतरवतात," हैबतराव म्हणाले. "आणि पेंग्विन वाटेत आला तर माणसाने थांबायचं. पहिला मान त्याचा. मी वीस मिनिटं बर्फात उभा होतो एका पेंग्विनसाठी."

म्हणजे यांना सगळं ठाऊक होतं! अडाण्याला माफ करता येतं. पेंग्विनसाठी वीस मिनिटं बर्फात गोठणारा माणूस तिच्या परसात फटाक्याचे फोटो काढत होता. तिकडचं जनावर ते जनावर, आणि इथलं काय, वरातीतला बँड? तिचं डोकं तापून निघालं. तिने हैबतरावांच्या ताटात आणखी एक रोटी ठेवली.

मागच्या दारात शेजारची मालू आली. तिच्या हातात सुपलीवर फडकं होतं. "आसिया गो," ती हळूच म्हणाली, "चार पडली. तीन हालतायत. एक नाय हालत."

"फडक्यात गुंडाळ. उघड्या हातानं धरू नको," आसिया म्हणाली. "खालच्या फांदीला बांध. आया येतील तर येतील." आणि ती खीर आणायला आत गेली.

शेवटी सगळ्यांनी हात धुतले. आसियाने स्वतः प्रत्येकाच्या हातावर पाणी घातलं, शेवटच्या माणसाच्या हातावर घातलं, तांब्या खाली ठेवला आणि मग ती वळली.

"मॅडम, त्या गोरिलासमोर फटाके लावले असते तुम्ही?"

अनितामॅडम हसतच म्हणाल्या, "छे हो, तिथे तर..." आणि थांबल्या.

"तिथं तर काय? तिथं तुरुंगात टाकतात, म्हणून? इथं म्हातारी जेवायला घालते, म्हणून लावायचे? सायेब, तुम्ही पेंग्विनला वाट दिलीत. माझ्या झाडाखाली चार पिलं पडली, तुमच्या पायापासून हातभर. दिसली नायत? एवढा मोठा डोळा गळ्यात अडकवून हिंडता, त्याला खालचं काय दिसत नाय?"

हैबतरावांनी मान खाली घातली. "आम्हाला वाटलं, इथली पद्धत असेल. यांनी तसं सांगितलं."

"पद्धत!" आसिया जितेशवर उलटली. "कुणी सांगितली रे तुला ही पद्धत? कुणाच्या बापानं?"

जितेशचा चेहरा पडला होता, पण तो खोटं बोलला नाही. "चाची, तुम्हीच. पहिल्यांदा आलो तेव्हा. नावेदभाईच्या लग्नात वरातीनं परसात माळ लावली, वाघळं उठली आणि दिवसाची रात्र झाली, असं बघायला नशीब लागतं. तुमचे शब्द आहेत. मी लिहून घेतले होते."

बोलली होती ती. रंगवून रंगवून बोलली होती, सूर्य झाकला गेला म्हणून हातसुद्धा वर केले होते. सांगितला नव्हता तो पुढचा भाग. त्याच दिवशी सासऱ्याने वरातीसमोर येऊन वाजंत्र्यांना आईबहिणीवरून शिव्या घातल्या होत्या आणि नवरदेवाला, म्हणजे नावेदलाच, घोड्यावरून उतरवून झाडाखाली माफी मागायला लावली होती. तो भाग सांगितला की गोष्टीची मजा जायची, म्हणून आसिया दरवेळी तो गाळायची. कोणी आलं की आपल्या घरातलं सगळं थोडं वाढवून सांगायचं, ही तिची खोड. तिला स्वतःच्या जिभेचा असा संताप आला, की डोळ्यांत पाणीच आलं.

"व्हय," ती म्हणाली. "मीच सांगितलं. अर्धं सांगितलं. चूक माझी पण हाय. म्हणून तुझी कमी होत नाय."

अनितामॅडम म्हणाल्या, "मी माझा व्हिडिओ पुसून टाकते."

"मी माझा मगाशीच नेटवर टाकलाय," जितेश पुटपुटला. "हात धुवायच्या आधी. पत्त्यासकट."

आणि त्याचा फोन वाजला. पनवेलहून कोणी बाई बोलत होत्या. व्हिडिओ पाहिला, फारच अद्भुत, पुढच्या रविवारी आमची वीस माणसं येतील, फटाके आम्हीच आणू का? फोन स्पीकरवर होता. जितेशने आसियाकडे पाहिलं. आसियाने हात पुढे केला आणि त्याने मुकाट्याने फोन तिच्या हातात दिला.

"मी घरमालकीण बोलते," आसिया म्हणाली. "इथं वाघळं नायत."

"अहो, पण व्हिडिओत तर..."

"तो दुसरीकडचा. आमच्याकडं एक चिंच हाय साधी. तिला चिंचासुद्धा धड लागत नायत. बघण्यासारखं काय नाय इथं. उगाच पेट्रोल जाळून येऊ नका."

तिने फोन जितेशच्या हातात कोंबला. "तो व्हिडिओ काढ. आत्ता, माझ्यासमोर. आणि सगळ्यांना घेऊन जा."

मंडळी चपला घालून निमूट निघाली. बसचा आवाज रस्त्याला लागेपर्यंत आसिया परसात आली नाही. आली तेव्हा निम्मी चिंच रिकामी होती. परतलेली वाघळं अजून जागा बदलत होती, आणि खालच्या फांदीला बांधलेल्या फडक्यापाशी एकही आई उतरलेली नव्हती. मालू टोपली उपडी घालून तिच्यावर बसून वर बघत होती.

"येतील ना गो?" मालूने विचारलं.

"मला काय ठाऊक?" आसिया खेकसली. मालूवर खेकसायचं काही कारण नव्हतं, तेही तिला कळत होतं. जन्मभर या झाडाची बढाई मारली, केनियातसुद्धा मारली, आणि आज परक्या बाईला तेच झाड नाकारावं लागलं, तेही आपल्याच जिभेमुळे. ती मालूशेजारी खाली बसली. राग उतरला नव्हता, पण तीही मालूसारखी त्या फडक्याकडे बघत राहिली.