थंड खोलीतली गादी

बर्फात तंबू ठोकून राहणाऱ्या हौशी लोकांसाठी त्या कारखान्यात फुगवायच्या गाद्या बनत. घरी धड पलंग असताना बर्फात कशाला झोपायचं, हे वहिनींना कधी कळलं नाही. पण त्या गाद्या तपासायचं काम त्यांचंच होतं. थंडगार खोलीत गादीवर पडून राहायचं आणि पाठीला गारवा जाणवला की उशाशी असलेलं घंटेचं बटण दाबायचं. बाकीच्या बायका हळहळायच्या. पण वहिनींच्या घरी तान्ही जुळी पोरं आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. एकाला निजवावं तोवर दुसरा भोकाड पसरायचा. आडवं पडायचे पैसे मिळतात, याचंच त्यांना अप्रूप होतं.

त्या दिवशी नवी गादी आली. वहिनी स्लीपिंग बॅगेत शिरून आडव्या झाल्या. दुपार झाली तरी घंटा वाजेना, म्हणून साहेब आत डोकावले आणि खूश झाले.

"वहिनी चक्क घोरताहेत! गादी पास!"

त्यांनी हाका मारून उठवलं. वहिनी कशाबशा उठून बसल्या, तेव्हा दिसलं, की गादीतली हवा केव्हाच निघून गेली होती. वहिनी जवळजवळ फरशीवरच झोपल्या होत्या. ओठ निळे पडले होते.

"अहो, गार लागलं नाही का तुम्हाला?" साहेब ओरडले.

"लागलं ना. मध्ये जागही आली होती," वहिनी जांभई देत म्हणाल्या. "पण बटण दाबलं असतं, तर उठावं लागलं असतं."